चांदी उतरल्यावर

माझे वडील, आण्णा, गेले त्या दिवशी आमच्या घरातली ठोकाठोक थांबली. आमच्या गावात, हुपरीत, माणसाबरोबर हत्यारांनाही सुतक असतं. ऐरण, हातोड्या, चिमटे, तार ओढायची पट्टी, सगळं आईनं आण्णांच्या जुन्या धोतरात बांधलं आणि फळीवर ठेवून दिलं. तेरावा होईपर्यंत चांदीला हात लावायचा नाही. माझ्या अडतीस वर्षांत मी हे घर इतकं शांत कधी ऐकलं नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी आई घराच्या पुढच्या सोप्यात वाती वळत बसली होती. तिच्या हातांना चांदीचं काम नसलं की ते मांडीवर ठेवलेल्या दुसऱ्या कुणाच्या वस्तूसारखे दिसतात.

"बघ की उजू," ती तळवे पुढे करत म्हणाली, "कसं पांढरं झाल्यात. दुसऱ्याच बाईचं हात वाटत्यात."

खरंच होतं. चाळीस वर्षं पैंजणांच्या कड्या जोडून, ज्योतीवर सांधे पक्के करायचं झाळकाम करून तिच्या बोटांच्या पेरांत जो काळपट रंग बसला होता, तो फिका पडत चालला होता. नऊ दिवस ती धड जेवली नव्हती. म्हणून तिच्या अंगातली साखर आणि क्षार पाहावेत, एवढ्याच हेतूनं मी लॅपटॉप उघडला. तिच्या दंडावर आमची चकती होतीच.

ही चकती काय आहे ते आधी सांगायला हवं.

मी पुण्यात एका संशोधन संस्थेत विद्युत-रसायनशास्त्रावर काम करते. नाण्याएवढी ही चकती आमच्याच गटानं बनवली. आता राज्यातले साठ लाख लोक ती दंडावर लावतात. ती त्वचेवरचा घाम टिपते. त्या घामात शेकडो पदार्थ विरघळलेले असतात. चकतीच्या आत सोन्याचा एक अतिशय पातळ थर आहे. त्यावरचा विद्युतदाब हळूहळू वाढवत नेला, की काही पदार्थ आपापल्या ठरलेल्या दाबाला इलेक्ट्रॉन सोडून देतात. त्या क्षणी प्रवाह किंचित वाढतो आणि आलेखात एक टेकडी उभी राहते. टेकडी कुठे आहे यावरून पदार्थ कळतो, आणि तिच्या उंचीवरून तो किती आहे ते कळतं.

कर्करोगाची खूण सांगणारं प्रथिन मात्र असं आपणहून बोलत नाही. त्यासाठी सोन्यावर डीएनएचे आखूड धागे रोवलेले आहेत, आणि प्रत्येक धाग्याच्या शेंड्याला लोहाचा एक अणू बसवलेला आहे. ते प्रथिन घामातून वाहत आलं आणि धाग्याला बिलगलं, की धागा वाकतो. लोहाचा अणू सोन्याजवळ जातो आणि आपला इलेक्ट्रॉन देतो. असे लाखो धागे वाकले, तर एका अँपिअरच्या अब्जाव्या हिश्शाएवढा प्रवाह मिळतो. एवढ्याशा प्रवाहावरून माणसाच्या पोटात खोल कुठेतरी, ज्वारीच्या दाण्याहून लहान असं काही वाढतंय, हे त्याला दुखायच्या वर्षभर आधी कळतं. पंधरा वर्षं मी हेच करते आहे. तरी अजूनही नव्या चकतीवर पहिली टेकडी उभी राहते तेव्हा मी श्वास रोखून बसते.

आण्णांना यातलं एकच फार आवडलं होतं. कुठलाही दाब मोजायला एक स्थिर खूण लागते. समुद्रसपाटी ठरल्याशिवाय डोंगराची उंची सांगता येत नाही, तसंच. चकतीत ती खूण म्हणजे चांदीचा एक ठिपका असतो.

"म्हंजे सगळ्या दुनियेचा आजार तुमी चांदीवरनं मोजता व्हय!" ते म्हणाले होते, आणि पुढचा आठवडाभर चहाच्या टपरीवर भेटेल त्याला त्यांनी ते सांगितलं होतं.

अडीच वर्षांपूर्वी हुपरीत अकराशे कारागिरांना चकत्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पुण्यात हाहाकार उडाला. अकराशेच्या अकराशे आलेखांत एक भलीमोठी टेकडी उभी होती, आणि तीही त्या लोहाच्या जागेला अगदी खेटून. संगणकानं सगळं गाव कर्करोगी ठरवलं. मी घाबरून आण्णांना फोन केला.

ते हसले. "आगं उजू, सकाळपास्नं आमी चांदीत हाय. घामात दुसरं काय येणार, तूप?"

त्यांचं बरोबर होतं. त्वचेत मुरलेली चांदी घामात उतरते, आणि खारट घामात ती ज्या दाबाला इलेक्ट्रॉन सोडते तो दाब लोहाच्या शेजारचाच असतो. चांदीची टेकडी वजा केली, की खालचं खरं चित्र दिसणार होतं. पण वजा करायला चांदीच्या टेकडीचा नेमका आकार हवा. नियमाप्रमाणे दहा निरोगी कारागीर निवडायचे, इस्पितळात त्यांची पूर्ण तपासणी करून घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची. त्याला दीड महिना लागला असता. माझ्याकडे एक माणूस होता. त्याच्याइतका चांदीत मुरलेला दुसरा कुणी गावात नव्हता. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाला कधी साधा तापही आल्याचं मला आठवत नव्हतं. मी बैठकीत म्हटलं, "यांच्याबद्दल मी खात्रीनं सांगते. मी यांना ओळखते." सगळ्यांनी मान डोलावली.

नमुना म्हणून आण्णांची टेकडी घेतली. ती सर्वांच्या आलेखांतून वजा झाली. आलेख सपाट, स्वच्छ झाले. आमच्या क्षेत्रात त्या पद्धतीला आता 'हुपरी दुरुस्ती' म्हणतात.

दोन महिन्यांपूर्वी आण्णांचे डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडाचा कर्करोग, शेवटच्या टप्प्यातला. सात आठवडे. चकती सगळंच पकडत नाही, असं मी आईला समजावलं होतं. तेव्हा माझाही त्यावर विश्वास होता.

नवव्या दिवशी मी आईचा आलेख उघडला तो दुरुस्ती न केलेला, मूळचा. दुरुस्ती केलेला आलेख उणे आकडे दाखवत होता, म्हणून. तेही साहजिकच होतं. जी चांदी आता तिच्या घामात नव्हती, तीच आम्ही वजा करत होतो. मूळ आलेखात चांदीची टेकडी जवळजवळ विरघळली होती. तिच्या उजव्या उतारावर, पाणी ओसरल्यावर खडक दिसावा तसा, एक बारीक उंचवटा उरला होता. लोहाच्या जागेवर.

मी तो मोठा करून पाहिला. मग आण्णांचा नमुना उघडला. अडीच वर्षांत मी तो शंभरदा तरी पाहिला असेल. त्यांच्या टेकडीचा उजवा उतार थोडा फुगीर होता. चांदीचा आकारच तसा असतो, असं मी धरलं होतं. माझ्या शोधनिबंधातसुद्धा तसं लिहिलं होतं.

तो चांदीचा आकार नव्हता. चांदीला आजार चिकटून झालेला तो आकार होता. पहिल्या दिवसापासून. आणि आजाराचा तो भाग मी अडीच वर्षं, रोज, अकराशे माणसांच्या घामातून काढून टाकत होते.

सोप्यात वातींचा ढीग वाढत होता. मी आईजवळ जाऊन बसले.

"आई, एक सांगायचंय."

"सांग की. त्वांड कशाला पाडलंयास?"

मी सांगितलं. जितक्या साध्या शब्दांत सांगता येईल तितक्या.

"म्हंजे ह्यांचं दुखणं तुझ्या यंतरात दिसत हुतं."

"होय."

"आन् तूच त्ये पुसलंस."

"होय."

तिनं आणखी दोन वाती वळल्या. त्या दोन वातींचा वेळ मी कधी विसरणार नाही.

"आन् मला?"

"तुझ्यातही काहीतरी आहे. काय ते तपासल्यावरच कळेल. पण आण्णांच्या विसाव्या हिश्शाएवढंही नाही. वेळ आहे आपल्याकडे."

"मग ह्ये आत्ताच कसं दिसलं?"

"नऊ दिवस चांदीला हात लावला नाहीस म्हणून."

तिनं फळीवरच्या त्या धोतराच्या गाठोड्याकडे पाहिलं. "म्हंजे ह्यांच्या सुतकानं दावलं." वातींचा ढीग बाजूला सारून म्हणाली, "मग बाकीच्यास्नी कोण दावणार? त्यांच्या घरात कुठं सुतक हाय?"

आमच्या प्रकल्पाचे प्रमुख डॉ. सबनीस यांना मी त्याच दुपारी फोन केला. ते सावध बोलणारे गृहस्थ आहेत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"नवा नमुना घेऊन पुन्हा वजाबाकी करता येणार नाही?"

"नाही. प्रत्येकाची चांदी वेगळी आहे, सर. कुणी पॉलिशवाला, कुणी मुशीवर चांदी वितळवणारा. टेकडी इतकी मोठी आणि उंचवटा इतका लहान, की वजाबाकीतली चूकच उंचवट्याहून मोठी ठरते."

"चांदीची अडचण नसलेल्या चकत्या?"

"पाच महिने लागतील. आण्णांना दोनसुद्धा मिळाले नाहीत."

"आणि हात थांबवले तर दहा दिवस." ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "लगीनसराई तोंडावर आहे, उज्ज्वला. अख्खं गाव दहा दिवस कोण थांबवणार?" मग हलक्या आवाजात, "हे तुम्हालाच सांगावं लागेल. आणि सांगितल्यावर तुम्हाला या कामावरून दूर व्हावं लागेल. कळतंय ना?"

"हो, सर."

तेराव्याला चारशे माणसं जेवली. पंगती उठल्यावर बाळगोंडाकाकांनी आण्णांबद्दल चार शब्द बोलायला सगळ्यांना मांडवात थांबवलं. बाळगोंडा पाटील म्हणजे आण्णांचे शाळेपासूनचे दोस्त, भिंतीला भिंत लागून शेजारी, कारागीर संघाचे अध्यक्ष. उंचापुरा माणूस, पण बोलायला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. म्हणून मीच उठले.

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. माफी मागितली नाही, एवढं आठवतं, कारण ती मागणं फार सोपं झालं असतं. काय झालं, कुणामुळे झालं, आणि आता काय करावं लागेल, हे सांगितलं.

मग मागून मालूवहिनी उठल्या. आमच्या गल्लीत झाळकामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, आणि तोंडाच्या बाबतीतही नाही.

"म्हंजे पोरीनं बापाला निरोगी धरलं," त्या म्हणाल्या, "आन् बापाच्या मापानं समद्या गावाला मापलं."

"होय, वहिनी."

"आन् आमी दोन वर्सं बिनघोर. दंडाला चकती हाय म्हणून डाक्टरचं त्वांड बघितलं न्हाई."

"होय."

"नुसतं होय होय काय करतीस? त्वांड हाय तर भांड की!" असं म्हणून त्या खाली बसल्या आणि पदराला डोळे पुसू लागल्या.

एक तरुण कारागीर म्हणाला, "ताई, पंधरा तारखेला माल द्यायचाय. आता हात थांबवला तर पार्टी दुसऱ्या गावाला जाईल. त्यातनं बघायला गेल्यावर काही निघालंच नाही तर?"

"बहुतेकांचं काही निघणार नाही," मी म्हटलं. "पण कुणाचं निघेल, ते आज मला सांगता येत नाही."

मांडवात कुजबूज वाढत गेली. ती थांबवायला बाळगोंडाकाका पुन्हा उभे राहिले. या वेळी त्यांना आवाज सापडला होता.

"ह्या पोरीचा बाप, शामराव नलवडे, माझा कोण? भावकीतला न्हाई. जातीतला न्हाई. त्याचं सुतक मला कुठल्या शास्त्रानं लागतंय?" त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "पन चाळीस वर्सं एका मुशीतली चांदी आमी दोघांनी वाटून घेतली. त्याची माझ्या घामात हाय, माझी त्याच्या घामात हुती. आसं ही पोरगी सांगती, आन् ह्ये मला पटतंय. मग सुतक लागलं का न्हाई? आजपास्नं धा दिस मी शामाचं सुतक पाळणार. ज्याच्या अंगात त्याच्या मुशीतली चांदी आसंल त्यानं पाळावं. बाकीच्यांनी खुशाल ठोकत बसावं."

त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुतकाला टाळ्या वाजवत नाहीत. माणसं उठून घरी गेली, इतकंच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले आणि ऐकू लागले. शेजारी ठोका नव्हता. पलीकडच्या गल्लीत नव्हता. पॉलिशच्या यंत्रांची घरघर नव्हती. ज्या गावात मला घड्याळाशिवाय वेळ कळायची ती ठोक्यांवरून, त्या गावात चिमण्या ऐकू येत होत्या.

शाळेच्या हॉलमध्ये मी एक मोठा पडदा लावला. नावं लपवली, प्रत्येकाला आपला क्रमांक तेवढा ठाऊक. उंचवट्याची जागा पडद्यावर झाकून ठेवली. ती फक्त मी आणि कोल्हापूरहून आलेले डॉक्टर पाहणार होतो, आणि ज्याचं त्यालाच सांगणार होतो. लोकांना दिसत होती ती चांदी.

पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. मग हळूहळू येऊ लागले. रिकाम्या हातांचं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. बायका वाळवणं घालून झाल्यावर यायच्या, पुरुष पत्त्यांचा डाव अर्धा टाकून यायचे.

"माझी किती उतरली गं?"

"तुमची अजून अर्धी आहे, काका."

"आरं, ह्यो माझ्या फुडं गेला की! पॉलिशवाल्याची आधी उतरती व्हय?"

मी मोठमोठ्या प्रयोगशाळांत काम केलं आहे. सूर्यमालेपलीकडून आलेले संदेश वाचणाऱ्या माणसांना भेटले आहे. पण त्या हॉलमध्ये जे पाहिलं तसं कुठे पाहिलं नाही. अकराशे टेकड्या एकाच वेळी खाली बसत होत्या. रोज थोड्या. कुणी त्यांना हात लावत नव्हतं, औषध देत नव्हतं. अकराशे शरीरं फक्त थांबली होती, आणि त्वचेचा एकेक थर गळताना पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा अणू-अणूनं परत देत होती. प्रत्येक अणू जाताना एक इलेक्ट्रॉन मागे ठेवत होता, आणि ती मोजणी पडद्यावर रेघ होऊन उमटत होती. सातव्या दिवशी त्या रेघा इतक्या खाली आल्या की माणसं जागची उठून पडद्यासमोर आली. ओहोटीला पाणी मैलभर मागं गेल्यावर समुद्राचा उघडा तळ बघत माणसं उभी राहतात, तशी सगळी उभी होती. मालूवहिनींनी पडद्याला नमस्कार केला. मला हसू आलं नाही. मलाही तेच करावंसं वाटत होतं.

दहाव्या दिवशी मी झाकलेली जागा उघडली. डॉक्टर माझ्या शेजारी बसले होते. एकेक क्रमांक पुढे सरकत होता. सपाट. सपाट. सपाट. मी इतका वेळ सपाट रेघा पाहिल्या की त्या मला सुंदर दिसू लागल्या.

सात ठिकाणी उंचवटा होता. कोल्हापूरच्या तपासणीत त्यातले दोन खोटे ठरले. पाच राहिले. आकडा लहान वाटेल. त्या पाचांत आई होती. मालूवहिनी होत्या, त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "तरी म्हटलं, मला बरं कोण सोडतंय!" आणि मग माझा हात घट्ट धरून बसल्या. बाळगोंडाकाकांची रेघ स्वच्छ सपाट होती. त्यांना ते ऐकून जरा ओशाळल्यासारखं झालं.

पाचही गाठी इतक्या लहान होत्या, की सर्जन म्हणाले, "यांना शोधायला आम्हाला कधी जमलंच नसतं." पाचही माणसं आज आपापल्या घरी आहेत.

मला कामावरून दूर केलं. ते योग्यच होतं. जाण्याआधी मी एकच गोष्ट केली. आमच्या संग्रहात आण्णांच्या आलेखाला 'निरोगी नमुना' असं नाव होतं. ते खोडून मी लिहिलं: शामराव नलवडे, चांदी कारागीर. आजार या दिवशी दिसत होता. आणि खाली माझं नाव. पुढे कुणी हे काम करेल, त्याला ते पहिल्या पानावर दिसेल.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी आई सोप्यात बसली होती. शेजारी बाळगोंडाकाकांच्या घरात ठोके चालू होते. गावाचा आवाज कधीच परत आला होता. आईला मात्र डॉक्टरांनी अजून काम करू दिलं नव्हतं. तिचे हात आता पूर्ण पांढरे दिसत होते.

"बघू तुझं यंतर," ती म्हणाली. "ग्येलं का समदं?"

मी तिला मूळ आलेख दाखवला. लोहाच्या जागेवर काही नव्हतं. कुठलाही उंचवटा नाही. सपाट रेघ. पण त्या जागेच्या डावीकडे, जिथे पूर्वी चांदीचा डोंगर होता तिथे, अजून एक इवलीशी टेकडी उभी होती. तीन महिने एवढीच. तिची उंची कमी होत नव्हती.

"मग ह्ये काय ऱ्हायलंय?"

"चांदी आहे, आई. वरची गेली. ही कातडीच्या खाली, खोल जाऊन बसलेली. चाळीस वर्षांची. ही आता उतरायची नाही."

तिनं चष्मा वर केला, पुढे वाकली आणि पडद्यावर त्या टेकडीच्या टोकाला बोट टेकवलं. सांधा पक्का बसलाय का ते बघायला पैंजणाच्या कडीवर टेकवायची, तसंच.

"ह्यांच्याच मुशीतली आसंल," ती म्हणाली.

"बरीचशी."

"मग येवढी वजा करू नगंस."